पावसाच्या दिवसासाठी

दिवाळी हा हिशेबाचा सण आहे, हे आपण फराळाच्या गडबडीत विसरतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी चोपड्यांची पूजा करतात, पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडते. ज्यांचे दुकान नाही अशा आमच्यासारख्यांच्या घरीही त्या दिवशी मनातल्या मनात एक खाते उघडले जातेच. वर्षात काय आले, काय गेले, कोणाचे देणे राहिले? मलाही दर दिवाळीला एक जुने देणे आठवते. ते कोणत्याच वहीत लिहिलेले नाही आणि ज्याचे ते आहे त्याने कधी मागितलेलेही नाही. म्हणूनच ते फेडावे कसे, हे मला उमगत नाही. यंदा त्याची आठवण करून दिली ती माझ्या वर्गातल्या एका मुलीने, आणि तीही इंग्रजीच्या तासाला.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका लहानशा खासगी शाळेत शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत. आमच्या घरी अजून त्याला मॅट्रिकच म्हणतात. त्या बळावर मी मुलांना मराठी आणि गणित शिकवतो, आणि दुसरे कोणी नसले की इंग्रजीही. कादंबऱ्या लिहिणे हा माझा दुसरा उद्योग. त्याची शाळेत कोणी दखल घेत नाही, आणि ते बरेच आहे.

तर त्या दिवशी मी पैशाविषयीचे रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द फळ्यावर लिहीत होतो. ‘सेव्ह’, ‘स्पेंड’, ‘बजेट’, ‘सेट असाइड’. शेवटी एक वाक्प्रचार सांगितला. इंग्रज माणूस म्हणतो, चार पैसे ‘रेनी डे’साठी बाजूला ठेवावेत. रेनी डे म्हणजे पावसाचा दिवस. म्हणजेच वाईट दिवस, अडचणीचा दिवस.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. “गुरुजी, पावसाचा दिवस वाईट काहून?”

वर्ग हसला. मीही हसलो, पण प्रश्न खोटा नव्हता. इंग्रजांच्या देशात पाऊस बारमाही, थंड आणि किरकिरा. पावसाने मजुराचे काम बुडते, रोज बुडतो. त्याचा वाईट दिवस ओला असणार हे ओघानेच आले. आमची जमीन काळी, शेती कोरडवाहू. मृग लागला की सारा गाव आभाळाकडे बघत बसतो. आमचा वाईट दिवस कोरडा असतो. पावसाच्या दिवशी इथे म्हातारी माणसेसुद्धा अंगणात येऊन उभी राहतात. मी मुलांना म्हणालो, “बरोबर आहे. हा वाक्प्रचार आपल्याकडे उलटा करून घ्यावा लागेल.”

तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी हळूच म्हणाली, “पण गुरुजी, पैसे तं पाण्याच्याच दिवशी लागतात नं. सरकी घ्याले.”

वर्ग एकदम गप्प झाला. त्या चाळीस मुलांपैकी तीस-पस्तीस कास्तकारांची किंवा मजुरांची. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी घरात कोणती बोलणी चालतात, हे त्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेले होते. मी खडू घेऊन फळ्याकडे वळलो आणि काही लिहायचे नसताना थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

शब्दांचा मला नाद आहे. घरी आल्यावर मी ते इंग्रजी शब्द आणि त्यांच्या शेजारी आपले शब्द मांडून बसलो. ‘बजेट’ हा शब्द फ्रेंचांच्या एका लहानशा चामडी पिशवीच्या नावावरून आला आहे. अर्थमंत्र्याने पिशवी उघडायची आणि वर्षाचा हिशेब बाहेर काढायचा, अशी त्यामागची कल्पना. आपल्याकडेही पुष्कळ वर्षे अर्थमंत्री चामडी पेटी घेऊनच संसदेत येत. 2019 साली ती जाऊन लाल कापडात बांधलेली चोपडी आली. पूर्वी आपण बजेटला अंदाजपत्रक म्हणत होतो, पुढे अर्थसंकल्प म्हणू लागलो. या दोन शब्दांत केवढे अंतर आहे! अंदाज चुकला तर कोणी दोष देत नाही. संकल्प मात्र तळहातावर पाणी घेऊन करायचा असतो, आणि सोडलेले पाणी पुन्हा तळहातावर घेता येत नाही.

‘इअरमार्क’ हा शब्द तर मुलांना समजावून सांगावाही लागला नाही. इंग्लंडात कळपातली मेंढरे ओळखू यावीत म्हणून त्यांच्या कानाला खाच पाडत. त्यावरून, अमुक कामासाठी म्हणून खूण करून ठेवलेला पैसा तो इअरमार्क. आमच्याकडे आता गायी-बैलांच्या कानात पिवळे बिल्ले असतात. पैशाच्या कानात बिल्ला मारायचा, एवढे म्हणताच वर्गाला कळले. आणि ‘सेव्ह’ म्हणजे वाचवणे. इंग्रजीत जीवही सेव्ह करतात आणि पैसेही. मराठीतही दोन्ही वाचवतातच. जीव वाचवायचा तो संकटापासून, हे समजते. पैसे वाचवायचे ते कोणापासून, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही.

मग आपले शब्द मांडले. शिल्लक, बचत, बेगमी, तजवीज, तरतूद. व्याकरणाच्या मास्तराला त्यांत एक गंमत दिसली. शिल्लक आणि बचत हे शब्द एकटे उभे राहू शकतात. ‘माझी बचत आहे’ म्हटले की वाक्य पुरे झाले. कशासाठी, ते सांगण्याची गरज नाही. पण बेगमी एकटी उभी राहत नाही. बेगमी पावसाळ्याची असते. तजवीज लग्नाची असते, तरतूद आजारपणाची असते. या जुन्या शब्दांना मागे षष्ठीचा आधार लागतो; ‘चा-ची-चे’ लागल्याशिवाय त्यांचे वाक्य पुरे होत नाही. म्हणजे बाजूला ठेवलेल्या वस्तूला कोणीतरी धनी आहे, हे ते शब्द आधीच कबूल करतात.

यातला सर्वांत गंभीर शब्द गंगाजळी. वर्तमानपत्रात रिझर्व्ह बँकेची परकीय चलनाची गंगाजळी वाढल्याचे आपण वाचतो. पण गंगाजळी म्हणजे मुळात गंगेच्या पाण्याचे भांडे. ते देवघरात बंद करून ठेवायचे, कितीही तहान लागली तरी त्याला हात लावायचा नाही. घरातले कोणी जायला निघाले की त्याच्या मुखात दोन थेंब घालायचे. ज्याला एरवी हात लावायचा नाही अशा धनाला हे नाव ज्याने कोणी दिले, त्याने पैसा आणि मरण दोन्ही जवळून पाहिली असली पाहिजेत.

माझ्या आईला हे शब्द सांगता आले नसते, पण त्यांचा अर्थ ती जगली. लहानपणी आमच्या शाळेत संचयिका होती. आम्ही चार आणे, आठ आणे भरायचो, गुरुजी पुस्तिकेवर मांडून द्यायचे. आईची संचयिका डाळीच्या डब्यात होती. 2016 च्या नोव्हेंबरात पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा घरोघरच्या बायकांनी दडवून ठेवलेले पैसे नवऱ्या-मुलांसमोर बाहेर आले. आईनेही एक पुरचुंडी आणून माझ्यापुढे ठेवली. पाचशेच्या सहा नोटा. “एवढ्या बदलून आन,” म्हणाली. कशासाठी ठेवल्या होत्या, असे मी विचारले. ती शांतपणे म्हणाली, “माह्या मागच्या खर्चासाठी. तुले त्या दिवशी कोनापुढं हात पसरा लागू नये.” ते तीन हजार तिचे स्वतःचे असूनही तिच्यासाठी नव्हते. त्यांच्या मागची षष्ठी माझ्या नावाची होती.

आता माझ्या देण्याकडे येतो.

गावात आमच्या घरापलीकडे एक वृद्ध कास्तकार राहतात. त्यांना मी काकाजी म्हणतो. माझे वडील आणि ते बरोबरीचे. त्यांची नाल्यापलीकडे तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. मी लहान असताना नाल्याला पूर आला की काकाजी मला खांद्यावर बसवून शाळेच्या काठाला नेऊन सोडत. मी मास्तर झालो त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारणे सोडले. ते मला गुरुजी म्हणतात. मला ते कधीच सवयीचे झाले नाही.

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमच्या भागातली पऱ्हाटी खाल्ली. बाहेरून चांगले दिसणारे बोंड उघडावे तर आत किडका, पिवळा कापूस. काकाजींचेही तेच झाले. पीककर्ज थकले, त्यामुळे नवे मिळण्याची वाट बंद झाली. 2018 च्या जूनमध्ये मृग लागून आठेक दिवसांनी आमच्या गावात पहिला चांगला पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी ओट्यावर येऊन बसले. चहा झाला. मग खाली बघत म्हणाले, “गुरुजी, पानी तं पडलं. आठ हजार पायजे होते. सरकी न् खत. कापूस निघाला का पयले तुमचे.”

माझ्या कपाटात, पोथीच्या खाली, एका पाकिटात बावीस हजार रुपये होते. दोन वर्षे दरमहा थोडे थोडे करून मी ते साठवले होते. ते माझ्या नव्या कादंबरीच्या छपाईसाठी होते. आमच्यासारख्या लेखकाला पदरचे पैसे घातल्याशिवाय पुस्तक पाहायला मिळत नाही. त्या कादंबरीत काय होते तेही सांगून टाकतो. तिचा नायक एक कास्तकार आहे, आणि पहिल्याच प्रकरणात तो बियाण्याच्या पैशासाठी दारोदार फिरतो.

मी काकाजींना म्हणालो, “पैसे आहेत काकाजी, पण ते बाजूला काढून ठेवलेले आहेत.”

मी खोटे बोललो नाही. वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. काकाजींनी चटकन मान वर केली आणि म्हणाले, “बाजूले काढले असन तं राहू द्या, गुरुजी. बाजूले काढलेल्याले हात लावू नाही. ते आपलं नसते.”

एवढे बोलून ते उठले. आपण चुकीच्या ठिकाणी हात पसरला, याचीच त्यांना लाज वाटली असावी. त्यांना वाटले, पैसे पोरीच्या शिक्षणाचे असतील, नाहीतर देवाचे, नाहीतर आईच्या औषधाचे. त्यांच्या भाषेत ‘बाजूला काढलेले’ म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी. माझ्या भाषेत ते माझेच होते, फक्त उद्याचे. त्यांचा गैरसमज मला दिसत होता. एका वाक्यात तो दूर करता आला असता. मी ते वाक्य बोललो नाही.

काकाजींना पैसे मिळाले, पण चौथ्या दिवशी आणि शेकडा पाच रुपये महिन्याने. तोवर वापसा गेला होता. पुढच्या पावसाची वाट पाहण्यात आणखी दिवस गेले. सरकी टोबली तेव्हा शेजारच्या शेतात पऱ्हाटी चार पानांवर आली होती.

पूर्वी असे होत नसे काय? होत असे, पण थोडे निराळे. काकाजींच्या वडिलांच्या काळी सरकी विकत आणावी लागत नव्हती. आपल्याच कापसातली चांगली सरकी राखून ठेवायची, पेरताना शेणमातीत घोळून तिचे दाणे सुटे करायचे आणि शेतात टाकायचे. 1970 साली सुरतेच्या केंद्रातून संकरित कपाशीचा पहिला वाण निघाला. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. उत्पन्न वाढले हे खरेच आहे. पण संकरित वाणाचे बी राखून पुन्हा पेरले तर झाडे सारखी येत नाहीत. म्हणून बियाण्याची पिशवी दरवर्षी नवी घ्यावी लागते. म्हणजे काय झाले? पूर्वी घरात बी बाजूला ठेवलेले असे, आता पैसा बाजूला ठेवावा लागतो. सरकीची कणगी घेऊन कोणी दवाखान्यात जात नाही, लेकीच्या आहेराला सरकी चालत नाही. तिच्या कानातला बिल्ला तिच्याबरोबरच जन्माला आलेला होता. पैशाला असा कान नाही. तो कोणत्याही दाराने बाहेर जातो, आणि घरात आजारपण असले तर त्याला अडवावेसेही वाटत नाही.

म्हणून कास्तकाराला बचतीचा उपदेश करणारे लोक पाहिले की मला संकोच वाटतो. मला वर्षात बारा पगार मिळतात. एका महिन्यात चुकलो तर पुढच्या महिन्यात सावरतो. माझ्या काटकसरीत माझ्या गुणापेक्षा कॅलेंडरचाच हात मोठा आहे. काकाजींना कापसाचा पैसा एका हंगामात मिळतो. त्यातून मागचे देणे, बारा महिन्यांचा किराणा आणि पुढची पेरणी. एवढे मोठे बजेट मला एक वर्ष सांभाळायला दिले, तर होळीपर्यंतही मी पोचणार नाही.

मग मी चुकलो काय? स्वतःच्या बाजूने मी पुष्कळदा वकिली करून पाहिली आहे, आणि ती सगळीच पोकळ नाही. मागेल त्याला देत गेले तर घर चालणार नाही. काकाजींना दिले असते, तर दुसऱ्या दिवशी आणखी दोघे ओट्यावर आले असते. त्यांची गरजही खोटी नसती. ज्याने काहीच राखले नाही तो शेवटी दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. माणसाने आपल्या कामासाठी, आपल्या विद्येसाठी, लिहिण्यासाठी काही राखून ठेवणे हे पाप नव्हे. संकल्प मोडू नये, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पण संकल्प कोणाशी केलेला आहे, ते पाहायला हवे. लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा तिचा आहे. मी त्याचा नुसता राखणदार. तो माझ्या दयेपोटी दुसऱ्याला देण्याचा मला अधिकार नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा पाहा. लोकांनी त्यांच्या झोळीत केवढा पैसा ओतला! त्यातून पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या; बाबांच्या हातात शेवटपर्यंत गाडगेच राहिले. तो पैसा लोकांचा होता आणि बाबा राखणदार होते. माझ्या पाकिटातल्या पैशाचे तसे नव्हते. तिथे ठेवणारा मी आणि घेणारा मी. स्वतःला दिलेला शब्द माणूस स्वतःच महिनाभर पुढे ढकलू शकतो, त्यात कोणाचे नुकसान होत नाही. छापखाना पळून जाणार नव्हता. पाऊस मात्र थांबणार नव्हता.

तरीही मला वाटते, पैसे दिले नाहीत एवढ्यानेच मी अपराधी ठरत नाही. “काकाजी, पैसे आहेत, पण मला त्यांतून पुस्तक छापायचे आहे,” असे मी म्हणालो असतो तर निदान आम्ही दोघेही एका भाषेत बोललो असतो. कदाचित ते म्हणाले असते, “पुस्तक दिवाळीनंतर छापा नं, गुरुजी!” आणि कदाचित मला ते पटले असते. त्याचीच मला भीती होती. म्हणून मी षष्ठी गाळली. ‘पुस्तकाचे’ हा एक शब्द गिळला, आणि बाजूला ठेवण्याच्या पुण्याईआड उभा राहिलो. वाचवण्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. ते पैसे मी काकाजींपासून वाचवले होते.

आईची पुरचुंडी आणि माझे पाकीट मी कितीदा तरी मनात शेजारी ठेवून पाहिली आहेत. तिने स्वतःच्या मरणासाठी ठेवले, ते माझ्यासाठी निघाले. मी कास्तकारांच्या दुःखाची गोष्ट जगाला सांगण्यासाठी ठेवले, ते माझ्यासाठी निघाले. कादंबरी त्याच पावसाळ्यात छापून झाली. एका परीक्षणात मला कास्तकाराचे दुःख जाणणारा लेखक म्हटले होते. ते कात्रण मी कोणाला दाखवलेले नाही.

माझ्या पगारपत्रकात व्यवसाय कराचे दरमहा दोनशे रुपये कापले जातात. फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. पुष्कळ वर्षे मी त्या कपातीवर कुरकुर करत असे. मग केव्हातरी तिचा इतिहास वाचनात आला. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडायला, रस्त्यांवर माती टाकायला आली. मागेल त्याला काम देण्याची रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिली. त्या वेळी मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुलीचे. योजनेला पैसा हवा म्हणून 1975 साली हा कर बसला. पगारदारांकडून जेवढा गोळा होईल तेवढीच भर सरकारने आपली घालायची, असे ठरले. पुढे 1977 च्या कायद्याने कामाची हमी पक्की झाली, आणि 2005 साली केंद्रानेही देशभरासाठी तसा कायदा केला. म्हणजे हा कर बसवणाऱ्यांनी महिन्याच्या पगारातल्या एका लहान हिश्शाच्या कानाला शेतमजुराच्या नावाची खूण केली होती. मी मनाने जे केले नाही ते कायद्याने माझ्याकडून करून घेतले, तेही मला न कळता.

सगळेच कायद्यावर सोपवता येत नाही, हेही खरे. कायदा आठ हजारांसाठी पहाटे ओट्यावर येऊन बसत नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीची गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच वेचायला सुरुवात होते. काकाजींची पऱ्हाटी उशिराची. दिवाळीला तिच्यावर मोजकीच बोंडे फुटली होती. व्याजाचेच तोवर दोन हजार झाले होते. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ते नेहमीप्रमाणे आले. हातात रुमालात बांधलेला ओंजळभर कापूस. माझ्या आजीच्या वेळेपासून आमच्या घरच्या दिवाळीच्या वाती त्यांच्या शेतातल्या पहिल्या कापसाच्या असतात. मी म्हणालो, “काकाजी, या वर्षी नसता आणला तर चालले असते.”

ते म्हणाले, “तुमचा बाजूले काढला होता नं, गुरुजी.”

तुमचा. त्यांची षष्ठी जागच्या जागी होती.

त्या संध्याकाळी आईने वाती वळल्या. दिवे लागले. मी अंगणात उभा राहून पाहत होतो, आणि मला माझा गणिताचा तास आठवला. आठ आणि सात पंधरा. पाच मांडले, हातचा एक. लहान मुले तो एक बोटावर धरून ठेवतात आणि पुष्कळदा पुढे मिळवायचा विसरतात. मग मी त्यांना सांगतो, “बाळांनो, हातचा हातात ठेवण्यासाठी नसतो. तो शेजारच्या घरात द्यायचा असतो. नाही दिला तर सगळे गणित चुकते.” एककाच्या घरात जे मावत नाही ते दशकाच्या घराचे असते, एवढेच त्यात शिकायचे. आणि आपण मोठी माणसे मात्र ‘हातचा राखून’ वागण्याला शहाणपण म्हणतो!

आता माझ्या कपाटात दोन पाकिटे असतात. एकावर लेकीचे नाव आहे. दुसऱ्यावर मी काहीच लिहिलेले नाही. ते फार जाड नसते, मृगाच्या सुमारास तर रिकामेच असते. काकाजींचे देणे त्याने फिटले, असे मी म्हणत नाही. ते पाकीट दाखवून कोणाला उपदेश करण्याचीही माझी योग्यता नाही. एवढेच, की आता पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर कोणी येऊन बसले, तर मला शब्द शोधत बसावे लागत नाहीत.